जुनं सॉफ्टवेअर काढताना

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतले ऑफिसचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. 1990 च्या दशकात अनेक ऑफिसांत नोव्हेल नेटवेअर असायचं. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर, आणि तिथवर पोचायला प्रत्येक कॉम्प्युटरात नोव्हेलचा क्लायंट, म्हणजे किल्लीच म्हणा. पुढे सर्व्हर बदलले, किल्ल्या राहून गेल्या. मग कॉम्प्युटर सुरू होताना तो जुना सर्व्हर शोधत बसतो. शिवाय ज्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती कंपनी थांबवते, त्यातून चोर शिरू शकतो.

टेबलाटेबलाशी जायचं तर आठवडे लागतील. म्हणून एका जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडायचा. पण आधी एकाच कॉम्प्युटरवर करून बघायचं, कारण हा क्लायंट लॉगिनलाच चिकटलेला असतो. चुकीचा निघाला तर सकाळी कुणालाच कॉम्प्युटर उघडता येणार नाही! बंद असलेले कॉम्प्युटर हुकूम ऐकत नाहीत, त्यांची यादी वेगळी.

आता तुमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर बघा. दुरुस्तीवाल्याने एनीडेस्कसारखं काही टाकलं असेल, तर काम झाल्यावर समोर बसून काढायला लावा. बँकेतून बोलतोय म्हणत कुणी ते टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर कळवा.