पुस्तकांची आगोट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मे महिना उतरणीला लागला की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर घरोघरी आगोटीची गडबड सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकवलेले बोंबील, जवळा, कांद्याच्या माळा, मसाला, चिंच, आमसुलं, सरपण असं सगळं चार महिन्यांसाठी कोरड्या जागी भरून ठेवायचं. मी एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. हा शब्द आमच्या वाचनालयात कसा शिरला, ते आज सांगायचं आहे.

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, तपासनीस येतात, पुस्तकांची मोजदाद होते. त्यामुळे एक पुस्तक हरवलं तरी ग्रंथपालाचा जीव खालीवर होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे वागलो त्याचं मूळ त्यात आहे. समर्थन नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही उन्हाळी वाचन उपक्रम सुरू केला. मे महिना, सकाळी दहा ते बारा. गोष्टी, चित्रं, शब्दकोडी आणि पुस्तक वाचून चार ओळी लिहायच्या. समारोपाला प्रमाणपत्रं दिली, फोटो निघाले. कार्यक्रम संपल्यावर आमच्या कार्यकारिणीतले एक निवृत्त गुरुजी हाती यादी घेऊन माझ्यापाशी आले. म्हणाले, "भाऊ, सत्तावीस मुलं. त्यातली बावीस मुंबई-ठाण्याहून आजोळी आलेली. आपली कुठायत?"

आपली मुलं कुठे होती, हे मला माहीत होतं. सकाळी दहाला ती आईबरोबर वाळवणावर होती. कुणी किनाऱ्यावर पर्यटकांना शहाळी नेऊन देत होतं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं. आणि त्यातली एक मुलगी माझ्या टेबलापर्यंत आलीही होती. असेल दहा वर्षांची. फळ्यावरची सूचना वाचून आत आली आणि 'फास्टर फेणे' मागितलं. मी नियमाप्रमाणे अनामत रक्कम आणि पालकांची सही मागितली. "बाबा बोटीवर गेल्यान," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग ते आल्यावर ये." ती मान हलवून गेली ती पुन्हा आलीच नाही. गुरुजींना हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वेळ संध्याकाळची केली. थोडा फरक पडला, फार नाही. मग एका कोळीणकाकूंनीच मला शहाणं केलं. बाजारात मासळी घेताना मी कुरकुरत होतो, तर त्या म्हणाल्या, "मे महिन्यान आमाला मरायला फुरसद नाय. बोटी वर घेतल्याव बोलवा पोरांना."

इतकं साधं होतं! १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. आमच्या मुलांची खरी सुट्टी हे मधले दहा-पंधरा दिवस. शहरातल्या सुट्टीचं वेळापत्रक आम्ही डोळे झाकून उचललं होतं.

तेव्हापासून उपक्रम दोन भागांत होतो. मेमध्ये पाहुण्या मुलांसाठी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गावच्या मुलांसाठी. या दुसऱ्या भागात प्रत्येक मुलाने पावसाळ्यासाठी पाच पुस्तकं घरी न्यायची. अनामत नाही. सही आई, आजी, शेजारीण कुणाचीही चालते. तीच पुस्तकांची आगोट. कार्यकारिणीत यावरून बरीच वादावादी झाली. पुस्तकं बुडाली तर भरून कोण देणार, हा प्रश्न रास्त होता. पहिल्या वर्षी सहा पुस्तकं परत आली नाहीत. आली त्यांतल्या काहींना बोंबलांचा वास होता, एकावर हळदीचा अख्खा पंजा. मी ती तशीच फडताळात ठेवली.

पाच पुस्तकं कोणती, असं पालक विचारतात. माझा हिशेब असा : त्यातलं एक हसवणारं हवंच. चिं. वि. जोशींचा चिमणराव अजून हसवतो, मात्र पहिली दहा पानं मोठ्याने वाचून द्यावी लागतात. धाकट्यांना माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं. सातवी-आठवीला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' आणि वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. 'श्यामची आई' मी आग्रहाने देत नाही. आग्रहाने दिलेलं पुस्तक मुलं वाचत नाहीत. ते आपसूक मागितलं जातं.

आणि एक तरी पुस्तक आपल्या मातीतलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धुमश्चक्रीत सापडले. परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. भाषा जुनी, म्हणून मी तो गोष्टीसारखा सांगतो. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास आमच्या किहीमला केला, हे सांगितलं की पोरं दुसऱ्या दिवशी गळून पडलेली खोपी घेऊन हजर! मग पक्ष्यांची पुस्तकं कपाटात उरत नाहीत.

२०२० साली आगोट भरलीच नाही. मार्चपासून वाचनालय बंद होतं आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमचे पत्रे उडाले. बालविभागाच्या कपाटांत पाणी शिरलं, दोन दिवसांनी उघडलं तर पुस्तकांच्या विटा झालेल्या. वाचनालय पुन्हा सुरू झालं तेव्हा मुलं टाळेबंदीआधी नेलेली पुस्तकं घेऊन येऊ लागली. स्वतःच्या घराची कौलं गेलेली, पण पुस्तकं पिशवीत बांधून तांदळाच्या पिंपात ठेवलेली. बालविभाग आम्ही त्या पुस्तकांवर पुन्हा उभा केला. माझ्या थकबाकीच्या वहीत त्या सगळ्यांपुढे तांबडी खूण होती.

अनामतीचा नियम मोठ्यांसाठी अजून आहे, मुलांसाठी नाही. त्या मुलीची मी चौकशी केली. कुणी म्हणालं लग्न होऊन गेली, कुणी म्हणालं ती दुसऱ्या वाडीची. नाव मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे शोध तिथेच थांबला.

गेल्या जूनमध्ये सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं, "काका, जिच्या बाबांची बोट आहे अशा मुलीचं पुस्तक आहे का?" मी कपाटं धुंडाळली. मनासारखं एकही हाती लागलं नाही. श्रोत्यांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवावं. यंदाची आगोट १ जूनला भरायची आहे.