परक्या अंगणातील शेजारधर्म

(चाळीसगाव येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चाळीसगाव हे रेल्वे जंक्शनचे गाव. येथील फलाटाने पिढ्यानपिढ्या मुलांना निरोप दिला आहे. पूर्वी मुलगा मुंबई-पुण्याला जाई. आता तो सातासमुद्रापार जातो. आई पिशवीत कळण्याचे पीठ आणि मसाला भरून देते. परंतु परक्या गल्लीत कसे राहावे, याची शिदोरी त्या पिशवीत असते काय? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

परदेश म्हटला की इंग्रजी बोलणारे, झगमगते शहर डोळ्यांसमोर उभे राहते. टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागातले निशी-कासाई हे उपनगर या कल्पनेत बसत नाही. तेथून तोझाई मार्गाच्या मेट्रोने ओतेमाची, निहोनबाशी येथील कचेऱ्यांत थेट पोहोचता येते. सन २०००च्या संगणकीय संकटाच्या निमित्ताने भारतीय अभियंते मोठ्या संख्येने जपानला गेले, तेव्हा त्यांतील अनेकांनी याच भागात बिऱ्हाड मांडले. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

घर मिळणे मात्र सोपे नव्हते. घरमालकास अनामत हवी, हमीदार हवा आणि भाडेकरूची भाषाही कळावयास हवी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे स्थायिक झालेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी या तरुणांसाठी घरमालकांकडे शब्द टाकला, शाकाहारींच्या जेवणाची सोय केली. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यास हात द्यावा, हा आपला संस्कार त्यांनी आचरणात आणला.

या उपनगरातील जीवन बाहेरून परके, पण आतून ओळखीचे वाटते. पादत्राणे उंबऱ्याशी उतरतात. अनेक घरांत पूर्वजांचे देवघर असते आणि उन्हाळ्यातील ओबोन सणात त्यांचे स्मरण होते. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असाच तो प्रसंग. आपली सरस्वती तेथे बेंझाइतेन या नावाने पूजिली जाते, तर गणेश कांगितेन म्हणून. दिवेलागणीच्या सुमारास ध्वनिक्षेपकांवरून एक धून वाजते. मुलांनी घरी परतावे, ही तिची सूचना. आणि आपत्तीच्या वेळी उपयोगी पडणारी यंत्रणा चालू आहे ना, याची रोजची चाचणीही.

परंतु श्रद्धांचे साम्य आहे म्हणून शेजार आपोआप जुळत नाही. तो कमवावा लागतो. कोणता कचरा कोणत्या वारी ठेवावयाचा, रात्री आवाज किती करावयाचा, नवे बिऱ्हाड आले की शेजाऱ्यांना छोटी भेट देऊन नमस्कार कसा करावयाचा, हे तेथे कायद्याहून मोठे असते. नवख्याकडून चूक झाली तर कुणी भांडत नाही. फक्त मने दुरावतात. अशा वेळी आपल्याच मंडळींच्या कोंडाळ्यात राहणे सोपे वाटते. सण होतात, पंगती उठतात. मात्र भिंतीपलीकडच्या वृद्धेचे नावही ठाऊक नसते.

याची किंमत संकटकाळी कळते. एदोगावा विभागाचा बहुतांश भूभाग भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर अनेक परदेशी कुटुंबे जपान सोडून गेली. पूर वा भूकंप आला असता कोणत्या शाळेत आसरा घ्यावयाचा, हे इंग्रजी न जाणणारा शेजारीच हाताला धरून सांगू शकतो. मात्र त्यासाठी ओळख आधीची असावी लागते.

ही ओळख कोठवर नेते, याचे उदाहरण महाराष्ट्रातून गेलेल्या योगेंद्र पुराणिकांचे आहे. जपानी भाषा शिकून तेथे गेलेल्या पुराणिकांनी २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. स्थानिक आणि परदेशी यांच्यातील दुवा होणे, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. तेथे परदेशी रहिवाशांना मताधिकार नाही. म्हणजे त्यांना निवडून दिले ते जपानी नागरिकांनी, शेजाऱ्यांनी!

चाळीसगावास हा धडा नवा नाही. मुंबईत जन्मलेले, परदेशात कला शिकलेले पारशी छायाचित्रकार केकी मूस १९८९ मधील निधनापर्यंत येथेच राहिले. दार लावून एकांतात साधना करणाऱ्या त्या कलावंतास गावाने 'बाबूजी' म्हणून आपले मानले.

तेव्हा मुलाच्या पिशवीत पिठाबरोबर हा शेजारधर्मही बांधून द्या. तो व्याख्यानाने मिळत नाही. घरात पाहूनच मुले शिकतात. आपल्या कॉलनीत परप्रांतातून आलेले एखादे नवे बिऱ्हाड आज सामान उतरवीत असेल. त्याच्या दारी पाण्याचा पहिला तांब्या कुणाच्या घरून जातो, हे आपली मुले पाहत आहेत.