बाटली कोणी भरली?

आजपासून इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. कौतुक करायला घरची माणसं मागे बसलीच आहेत, ती ते माझ्यापेक्षा चांगलं करतील. माझी उमेदीची वर्षं इंधनाच्या प्रयोगशाळेत गेली, तेव्हा तिथलंच सांगतो.

मी या धंद्यात आलो तेव्हा नगर जिल्ह्यात स्पिरिट म्हणजे दारूच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, मग जिल्हाभर धुराडी उठली, मळीवर डिस्टिलऱ्या आल्या. पण ‘मुलगा डिस्टिलरीत केमिस्ट आहे’ म्हटलं की मुलीचे वडील अर्धा चहा ठेवून उठायचे. प्रयोगाला दोन लिटर अल्कोहोल हवं असलं तर उत्पादन शुल्काच्या इन्स्पेक्टरची सही लागायची, आणि साहेब हमखास रजेवर!

सरकारचं तरी काय सांगावं? पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदा आपल्याकडे 1948 सालीच झाला होता. तो पुढे अडगळीत पडला आणि 2000 मध्ये रद्द झाला. लगेच 2001 मध्ये मिरज आणि आपल्या शेजारच्या मनमाडला पाच टक्के मिश्रणाचा प्रयोग सुरू! 2003 मध्ये तो नऊ राज्यांत गेला, आणि ऊस कमी पडल्यावर पुन्हा रखडला. इतक्या वेळा दिशा बदलणाऱ्या गाडीत आम्ही नोकरी केली.

त्या काळातली गोष्ट. पंप कोणता, गाव कोणतं, ते सोडा. पावसाळ्यात तक्रार आली की तिथून पेट्रोल भरलं की मोटारसायकली शंभर पावलांवर बंद पडतात. पंपाकडून नमुना आला, सरबताच्या बाटलीत. घनता बरोबर. तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी 50 अंशांना तीन तास बुडवून ठेवली, तरी तिच्यावर डाग नाही. आमच्या वरिष्ठांनी ‘योग्य’ असा शेरा लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात काचसामान धुणारे आमचे मामा म्हणाले, ‘‘साहेब, बाटली कोणी भरली?’’

गेलो. टाकीत गज सोडला, टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून. रंग बदलला नाही. पंपवाला खूश. पण ती पेस्ट साध्या पेट्रोलसाठीची. अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याला ती दाद देत नाही. मग वजन बांधलेली बाटली तळापर्यंत सोडून नमुना काढला आणि काचेच्या नळकांड्यात ओतला. आधी गढूळ झाला, मग हळूहळू मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ उमटली. वर पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं; थोडं मुरतं, पण हद्द ओलांडली की ते पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही त्याच्याबरोबर जातो. पंपाचा नळ ओढतो तळाजवळून, बाटली भरली होती वरून.

माझा अहवाल पुढे गेला नाही. पहिलाच ग्राह्य धरला, कारण त्यावर सोयीचे तीन शब्द छापलेले असतात : ‘प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यानुसार’. तो राग अजून गेलेला नाही, जायचाही नाही.

आता तुमच्या वाट्याला याहून अवघड रसायनं येणार. जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी 1920 च्या दशकात कोळशाच्या वायूपासून द्रव इंधन केलं. आज तोच मार्ग काडीकचऱ्याच्या वायूलाही लागू पडतो. मे 2023 मध्ये प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून केलेलं इंधन थोडं मिसळून पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेलं. आणि आपल्या डिस्टिलऱ्यांच्या हौदांतून 46 किलो इथेनॉलमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, बराचसा शुद्ध. हायड्रोजन स्वस्त झाला तर या वायूचं मिथेनॉल होईल. हे या जिल्ह्यात व्हावं असं मला फार वाटतं. वाहनांची चाचणी करणारी व्हीआरडीई नगरलाच आहे, ऊस आहे, डिस्टिलऱ्या आहेत. आणखी काय हवं?

पण रसायन कोणतंही असो, त्या पंपाची गोष्ट विसरू नका, नमुना स्वतः घ्या. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवरून सध्या भांडणं चालली आहेत. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते, तेव्हा अॅव्हरेज थोडं घटणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. नव्या गाडीत ताजं मिश्रण भरून घेतलेली चाचणी खोटी नसते. पण पाथर्डीच्या शेतकऱ्याची पंधरा वर्षांची मोटारसायकल, आठ-आठ दिवस उभी, रबरी नळ्या कडक झालेल्या, ती त्या नमुन्यात होती का? नसेल तर तो अहवाल त्याच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही, मग खाली कितीही मोठी सही असो. आणि ऑक्टेन मोजणाऱ्या इंजिनापुढे बसणाऱ्यांनो, आकडा मशीन देतं, पण डब्यात काय आलंय ते मशीनला ठाऊक नसतं.

तुमच्यातले काही जण याच महिन्यात कारखान्यांत मुलाखतीला जातील. नमुना घ्यायला टाकीवर कोण चढतं ते तिथे विचारा. ‘टँकरचा ड्रायव्हर’ असं उत्तर आलं तर पगार थोडा वाढवून मागा, आणि शिडी कुठे ठेवतात तेही विचारून घ्या.