जमिनीवरचं वायुदल



आपल्या वाशिम जिल्ह्यात वायुदलाचा तळ नाही. पण शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलात, की दोन-अडीच तासांत नागपूर येतं. तिथल्या वायुसेनानगरात वायुदलाची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. ही कमांड २६ जानेवारी १९५५ रोजी कानपुरात स्थापन झाली आणि १९७० मध्ये नागपूरला आली.

लढाऊ तळ म्हटलं की आधी पुण्याचं लोहगाव आठवतं. मुंबईच्या रक्षणासाठी ब्रिटिशांनी १९३९ मध्ये तो उभारला. सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान २००२ साली वायुदलात दाखल झालं, तेही तिथेच. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या सूनबाई, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, २५ नोव्हेंबर २००९ रोजी लोहगावहूनच सुखोईत बसून आकाशात गेल्या. वय ७४! तो फोटो देशानं पाहिला. अशा प्रत्येक उड्डाणाआधी विमानाखाली वाकून टायर, नळ्या, पाती तपासणारी माणसं असतात. मी त्यांच्यातला.

धावपट्टीवर आम्ही एका ओळीत, खाली मान घालून चालायचो. खडा, खिळा, तारेचा तुकडा, दिसेल ते वेचायचं. इंजिन हवेबरोबर खडाही आत ओढतं आणि पाती मोडतात. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची. काम संपल्यावर एक जरी जागा रिकामी दिसली, तर पाना सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही, मग रात्र झाली तरी चालेल. शेवटी विमानाच्या नोंदवहीवर, म्हणजे फॉर्म ७०० वर, तंत्रज्ञाची सही आणि मग वैमानिकाची. आपल्या सहीच्या भरवशावर कुणाचं तरी लेकरू वर जाणार, हे त्या वेळी डोक्यातून जायचं नाही.

नाशिकजवळच्या ओझरला वायुदलाच्या ११ बेस रिपेअर डेपोत मिग-२९ लढाऊ विमान पार खोलून पुन्हा उभं करतात. देशभरातल्या अशा डेपोंचा कारभार आपल्या नागपुरातून चालतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

पालकांनो, रिसोड-मालेगावकडे मोटारपंप नि ट्रॅक्टर खोलून बसवणारी हुशार पोरं मी पाहतो. त्यांना ‘नुसता मेकॅनिक’ म्हणू नका. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी नीट करा, वायुदलातल्या अग्निवीरवायू भरतीचा रस्ता खुला आहे, मुलींनाही. ज्यांना माहिती हवी, त्यांनी बक्षीस वितरणानंतर मंचाजवळ या. मी थांबणार आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!