फोटो ५० केबीत बसवायचा, पण चेहरा ओळखू आला पाहिजे

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ऑनलाइन फॉर्म भरत असाल तर शेवटपर्यंत ऐका.

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. "दादा, फोटो अपलोडच होत नाहीये रे!" बँक भरतीचा फॉर्म, शेवटचा दिवस, मुदत रात्री बारापर्यंत. अट अशी: फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. गेल्या वर्षी फोटो अस्पष्ट म्हणून तिचा अर्ज बाद झाला होता. त्यामुळे पोरगी पार रडकुंडीला आलेली.

तिने काय केलं होतं? एका ॲपमध्ये क्वालिटीची पट्टी मागे आणत आणत थेट ५ वर नेली. चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं दिसायला लागली, तरी फाइल ५० केबीच्या वरच!

गंमत इथेच आहे. पिक्सेल आणि केबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके. केबी म्हणजे ते साठवायला लागणारी जागा. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. फॉर्मला हवेत फक्त ४६ हजार! जेपेग हा प्रकार फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि क्वालिटी कमी केली की प्रत्येक चौकोनातले बारकावे टाकून देतो. म्हणजे पंगतीला कोटभर पानं मांडायची आणि आमटी एकच टोप. कुणाचंच पोट भरणार नाही. आधी पानं कमी करा ना!

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी क्रॉप, मग रिसाइझ, क्वालिटी सगळ्यात शेवटी.

क्रॉप करताना २० : २३ हे प्रमाण ठेवा. तसं न करता ३ : ४ चा फोटो जबरदस्तीने २०० बाय २३० मध्ये कोंबला, तर चेहरा आडवा पसरतो. मग रिसाइझमध्ये २०० आणि २३० हे आकडे टाका. आता सेव्ह करताना क्वालिटी ९० च्या आसपास ठेवून साइज बघा. २० केबीच्या खाली गेली? क्वालिटी थोडी वाढवा. पण प्रत्येक वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करा. कारण जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो, आणि एकदा गेलेले बारकावे फोटो मोठा करून परत येत नाहीत.

बहिणीचा फोटो २६ केबीत बसला आणि चेहरा एकदम स्वच्छ. सहीचंही तसंच केलं. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने केलेली सही कडेकडेने क्रॉप केली, मग लहान केली. अकरा चाळीसला फॉर्म सबमिट!

आता तीन घोळ टाळा. एक, व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आधीच दाबलेला असतो. मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दोन, आयफोनचा फोटो बरेचदा एचईआयसी प्रकारात असतो. फाइलच्या नावामागे जेपीजी लिहिलं म्हणून तो जेपेग होत नाही, ॲपमधून जेपेग म्हणून सेव्ह करावा लागतो. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घाईघाईत सर्च करून सापडलेल्या कुठल्याही साइटवर आपला फोटो, सही, आधार कार्ड टाकू नका. एवढं काम फोनमध्येच, इंटरनेट बंद ठेवूनसुद्धा होतं.

आणि हो, आजच सवड काढून फोटो आणि सही तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवा, मूळ फोटोसकट. शेवटच्या रात्री साडेदहाला फोन उचलणारा दादा प्रत्येकाला असतोच असं नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!