संशोधन गावात परत यायला हवं



आज प्राध्यापक मंडळींनी आपापलं संशोधन सांगितलं. मी प्राध्यापक नाही, संगणक अभियंता आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो. प्रोग्राम लिहून झाला म्हणजे काम संपलं असं होत नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात जातो, तिथे तो अडतो, वापरणारा तक्रार करतो, मग आम्ही दुरुस्ती करतो. संशोधनाकडेही मी याच नजरेने पाहतो. ज्याच्याविषयी संशोधन झालं, त्याच्यापर्यंत ते पोहोचलं का? त्याला "हे चुकलंय" असं म्हणायची सोय आहे का?

याची चांगली उदाहरणं आपल्याच जंगलात आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. तोवर खेड्यातल्या बाईच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुढे जात नव्हता. तिचं दुखणं कुणी मोजलंच नव्हतं. जे मोजलं जात नाही, त्यासाठी दवाखान्यात ना औषध येतं, ना डॉक्टर.

पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. घरी जन्मलेल्या बाळाला तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. हजार जन्मांमागे साधारण ६२ नवजात बालमृत्यू होत असत, ते २५ च्या आसपास आले. हे १९९९ साली जगापुढे मांडलं गेलं, आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी बाळं पाहायला जाऊ लागल्या. या बायका फारशा शिकलेल्या नव्हत्या. तरी संशोधनाचं निम्मं काम त्यांच्याच हातांनी झालं.

दुसरं उदाहरण बांबूचं. प्राध्यापक माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात कर्नाटकात बांबूचा अभ्यास केला. गावकऱ्यांची गुरं बांबू संपवतात, असं तेव्हा कागद गिरणीचं म्हणणं होतं. गाडगीळ जंगलात गेले, तेव्हा वेगळंच दिसलं. बेटाच्या बुडाशी काटेरी आवरण असतं, ते गिरणीसाठी तोड करणारे साफ करत होते. आवरण गेलं की कोवळे कोंब उघडे पडायचे आणि जनावरं ते खायची. दोष गावावर होता, कारण मात्र दुसरीकडे होतं. एका नीट केलेल्या पाहणीने माणसांवरचा आरोप उतरतो, तो असा.

हाच बांबू आपल्या मेंढा (लेखा) गावाच्या लढ्यात होता. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालतात. बाहेरचा जाणकार येतो, बोलतो, गाव प्रश्न विचारतं, आणि निर्णय ग्रामसभा घेते. जाणकाराला मान आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही.

२०११ मध्येच चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. या दोन जिल्ह्यांत वाघ आणि माणूस यांचा संघर्ष आहे, कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, वनहक्क आहेत. विषयांची वाण नाही. सगळ्याच संशोधनाने उद्या सकाळी उपयोगी पडावं, असा हट्ट मी धरणार नाही. गणितातला एखादा सिद्धांत पन्नास वर्षांनी कामी येतो. त्याला वेळ दिलाच पाहिजे. पण जे संशोधन लोकांच्या दारात जाऊन, त्यांचा वेळ घेऊन, त्यांच्या घरातलं दुःख विचारून होतं, त्याचं त्या लोकांशी देणं लागतं.

म्हणून प्राध्यापकांना तीन विनंत्या. प्रबंध पूर्ण झाला की एक पानाचा सारांश सोप्या मराठीत काढा. जिथे गोंडी किंवा माडिया बोलतात, तिथे तो त्यांच्या भाषेत तोंडी सांगा. आणि गोळा केलेली माहिती, माणसांची नावं वगळून, ग्रामसभेला परत द्या.

आपल्यालाही एक काम आहे. उद्या कुणी वही घेऊन आपल्या वस्तीत आलं, तर उत्तरं जरूर द्या, पण शेवटी त्यांना एक प्रश्न विचारा: "याचं काय निघालं, ते सांगायला कधी येणार?"