मेंढरांचा मुक्काम

इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले पाहताना त्या घराण्याचा मूळ निवारा सहसा कुणाला आठवत नाही. १६९३ मध्ये जन्मलेल्या मल्हारराव होळकरांचे कुळ धनगराचे. खानदेशात तळोदे येथे मामाच्या घरी त्यांनी बालपणी मेंढरे राखली. मोकळे रान आणि अंगावरची घोंगडी, हाच धनगराचा रात्रीचा आसरा.

आजही रब्बीची पिके निघाली की माळव्याच्या उघड्या शेतांतून मारवाडकडील राईका मेंढपाळांचे कळप दिसतात. छप्पर असे त्यांना नसतेच. उंटावरची खाट खाली उतरली की घर उभे राहिले! चुलीवर भाकर, उशाशी इमानी कुत्रा, भोवती मेंढरांची ऊब. नागर माणसाला या मुक्कामाचे अप्रूप वाटावे, हे साहजिकच आहे. मात्र लांडग्याच्या व चोराच्या भयाने कुणीतरी रात्रभर जागत असतो, हे त्याला दिसत नाही.

आणि हा मुक्काम फुकटचा नसतो. शेतात मेंढरे बसवली की एका रात्रीत लेंडीखत पडते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पूर्वी माळव्याची पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक राही. १९७० नंतर तेथे सोयाबीन पसरले, सिंचनामुळे गहूही वाढला आणि शेत मोकळे असण्याचे दिवस आक्रसले. आता उन्हाळ्याचे थोडके दिवस काय ते हाती उरतात. पेरणीची चाहूल लागताच खाटा पुन्हा उंटांवर चढतात.